घामाला वीस मिनिटं लागतात

गोदामातल्या पंपाला लेखी समज मिळाली, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की मंदाताई निर्दोष असाव्यात.

पंप म्हणजे पाण्याचाच पंप. विहिरीत सोडायचा, गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेला. त्याला वीजसुद्धा जोडलेली नव्हती. तरी 'सलोखा'नं त्याला कळवलं होतं, की आपल्या वर्तनामुळे एका सहकाऱ्याच्या मनःशांतीचा भंग झाला आहे, यापुढे बोलताना आवाज सौम्य ठेवावा. सहकारी म्हणजे मी.

हे समजायचं तर थोडं मागं जायला हवं.

आमचा कारखाना कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत. खाली पंप बनतात, वर ऑफिस. मी, दिग्विजय मगदूम, तक्रार विभागात. लोक फोन करून सांगतात, पंप पाणी ओढत नाही. आम्ही विचारतो, विहिरीत पाणी आहे का? बहुतेक वेळा संभाषण तिथंच संपतं.

आमचे मॅनेजर जयसिंग इंगवले. त्यांची झापायची एक शैली होती. ते केबिनमधून निघायचे, तुमच्या टेबलाशी यायचे, बसायचे नाहीत. चार वाक्यांत तुमचं शिक्षण, तुमचं भवितव्य आणि तुमचा शर्ट यांची वासलात लावायचे आणि टाचेवर वळून चालू पडायचे. उत्तर द्यायला तुम्ही तोंड उघडेपर्यंत ते जिन्यात. झापून झाल्यावर माणसासमोर थांबायचं नाही, एवढं एक तत्त्व त्यांनी आयुष्यभर पाळलं होतं.

आणि झापलेला माणूस कुठं जायचा? मंदाताईंच्या टेबलाकडे. ही ऑफिसची रीतच होती. नवीन माणसाला पाण्याचा कूलर दाखवताना लगेच ते टेबलही दाखवून ठेवायचे. मंदाकिनी चौगुले, निर्यात विभाग. विभागात त्या एकट्याच, आणि आजवर निर्यात झालेल्या दोन पंपांपैकी एक परत आला होता. कामाबद्दल त्यांना कुणी नावाजलेलं मी ऐकलेलं नाही. पण तुम्ही उतरल्या तोंडानं समोर उभे राहिलात, की त्या डब्यातलं लसणाचं भडंग पुढं सरकवायच्या आणि म्हणायच्या, "बस. काय म्हणाला मुडदा?"

मग तुम्ही सांगायचं. सांगता सांगता रडू यायचं, घाम फुटायचा. त्या सगळं ऐकून घ्यायच्या आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या ऑफिसला सांगायच्या. गुपित त्यांच्यापाशी टिकायचं नाही, पण रडू थांबायचं. सौदा परवडणारा होता.

मग सलोखा कायदा आला.

कायद्याचं म्हणणं साधं होतं. कामाच्या जागी कोण कुणाला छळतो याचे साक्षीदार मिळत नाहीत, तर शरीरालाच साक्षीला बोलवा. प्रत्येकानं मनगटाच्या आतल्या बाजूला एक पट्टी चिकटवायची. माणसाचा अपमान झाला, तो घाबरला, चिडला, की मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य रक्तात सोडतात. रक्तातून ते घामात उतरतं. पट्टीत असे रेणू बसवलेले, की ते नेमकं हेच द्रव्य धरून ठेवतात, आणि धरलं की पट्टीतल्या विजेच्या प्रवाहात बारीक फरक पडतो. फरक जितका मोठा, तितका ताण मोठा. आधीच्या पट्ट्या नाडी मोजायच्या. पण जिना चढला तरी नाडी वाढते, आणि आमच्यातले निम्मे लोक जिन्याविरुद्ध तक्रारी करू लागले. तेव्हा सरकारनं नाडी काढली आणि घाम ठेवला. घाम खोटं बोलत नाही, असं जाहिरातीतला एक कोरडा ठणठणीत माणूस सांगायचा.

पट्ट्यांना एकमेकींची चाहूल लागायची. तुमचा ताण उसळला, की त्या क्षणी दोन हातांच्या आत कोण आहे ते सलोखा बघायचा आणि त्याच्या नावापुढं लाल ठिपका टाकायचा. जास्त माणसं असली तर ठिपका वाटून. ठिपके मर्यादेबाहेर गेले, की सुनावणी. सुनावणीत दोषी ठरला, की माणूस कारखान्याबाहेर, आणि राज्यातलं कुठलंही ऑफिस त्याला पाच वर्षं दारात उभं करणार नाही.

आम्ही आनंदानं पट्ट्या लावल्या. आम्हाला वाटलं, इंगवले आठवडाभरात जातील.

हॉलमधल्या टीव्हीवर पहिला निकाल लागला. इंगवले हिरवेगार. संपूर्ण कारखान्यात सगळ्यांत कमी ताण देणारा माणूस. त्यांना शाल, नारळ आणि 'शांतिदूत' असा बिल्ला मिळाला. बिल्ला वाकडा लावला म्हणून त्यांनी शिपायाला तिथल्या तिथं झापलं आणि ते निघून गेले.

सगळ्यांत लाल नाव होतं मंदाकिनी चौगुले.

आधी आम्ही हसलो. मग सगळ्यांच्या फोनवर सूचना आली: उच्च ताण-स्रोतापासून दोन हात अंतर ठेवा. मग आम्ही हसायचं थांबलो आणि, खरं सांगायचं तर, अंतर ठेवायला लागलो. यंत्र चुकत असेल असं कुणी मनात आणलं नाही, कारण आकडे दशांश चिन्हानंतरही दोन घरं जायचे.

एक दिवस मंदाताईंनी मला लांबूनच हाक मारली.

"दिग्या, तिथंच थांब. पुढं येऊ नको. एक विचारू?"

"विचारा की ताई."

"मी खरंच त्रास देते काय रे तुम्हाला?"

"काहीतरीच काय!"

"नाही, यंत्र म्हणतंय म्हणून विचारलं. मला वाटायचं, मी बोलले की माणसाला बरं वाटतं. आता बघते तर सगळ्यांचे ठिपके माझ्यापाशीच. घरी सूनबाई किती शांत असते. मला वाटायचं, स्वभाव आहे. घाबरत असेल काय रे ती मला?"

  त्या दिवसापासून मंदाताईंनी बोलणं सोडलं. टेबल भिंतीकडे फिरवून घेतलं, हाताची घडी घातली आणि आमच्याकडे पाठ करून बसून राहिल्या. यंत्रानं एखाद्याला दोषी ठरवणं वेगळं, आणि त्या माणसाला ते पटणं वेगळं. मंदाताईंना पटलं होतं.

इकडे आमचं ऑफिस खुर्चीत बसेना. झापलेल्या माणसाला आता जायला जागा नव्हती. कुणाशेजारी बसावं तर तो म्हणायचा, "मर्दा, लांब हो, माझ्यावर ठिपका टाकतोस काय?" म्हणून लोक नुसते चालायचे. हिशेबवाले कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत बेरजा करायचे. तक्रारीचे फोन आम्ही चालत घ्यायचो, आणि गिऱ्हाईक विचारायचं, साहेब, तुम्ही कुठं पळताय? दोन माणसं समोरासमोर आली, की दोघंही एकाच बाजूला सरकायची, मग दुसऱ्या बाजूला, मग दोघंही परत फिरायची. चपला झिजल्या. फाइल उभ्यानं वाचायची सवय झाली. घरी गेल्यावरही मी जेवणाच्या ताटाभोवती चकरा मारायचो. आईनं एकदा ताट घेऊन माझ्यामागं फिरत चार घास भरवले आणि म्हणाली, "लहानपणी असाच होतास."

अशातच इंगवलेंनी माझ्या एका पत्रावरून मला झापलं. मी गिऱ्हाइकाला 'आपली विहीर सदोष आहे' असं कळवलं होतं. मी चालत चालत खाली गोदामात गेलो, दमलो आणि दाखवायच्या पंपावर टेकलो. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. थोड्या वेळानं फोन वाजला. ताणाची नोंद झाली. स्रोत: पंप.

चोरी होऊ नये म्हणून कंपनीनं प्रत्येक महागड्या वस्तूला पट्टीतल्यासारखीच चिप लावली होती. सलोखानं दोन हातांच्या आत बघितलं, त्याला पंप सापडला, त्यानं पंपाला समज दिली.

मी धावत वर गेलो आणि तरन्नुमला गाठलं. तरन्नुम मुल्ला माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, म्हणजे पूर्वी बसायची. तिनं जीवरसायनशास्त्रात पदवी घेतली आहे आणि तिचा उपयोग ती मला मूर्ख म्हणण्यासाठी करते.

"पंप काय बोलला तुला?" तिनं विचारलं.

"काही नाही. तो चांगला आहे. मला साहेबांनी झापलं होतं."

"कधी?"

"आधी. वर. मग मी खाली गेलो, फेऱ्या मारल्या, बसलो..."

ती चालता चालता थांबली. बऱ्याच दिवसांनी मी ऑफिसात कुणाला थांबलेलं बघितलं.

"दिग्या, आपण सगळेच गाढव आहोत. अरे, कॉर्टिसॉल म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. मेंदूनं हुकूम द्यायचा, तो ग्रंथीपर्यंत पोचायचा, ग्रंथीनं द्रव्य तयार करून सोडायचं, मग ते घामात उतरायचं. वीस मिनिटं लागतात, कमीजास्त. शिवी आत्ता बसते, घामात उतरते वीस मिनिटांनी."

"मग?"

"मग काय! वीस मिनिटांनी तू कुठं असतोस?"

मी कुठं असतो? मी मंदाताईंच्या टेबलाशी असतो. आम्ही सगळेच असतो. शिवी देणारा जिना उतरून केव्हाच गेलेला असतो आणि ताण उसळतो तो भडंग पुढं करणाऱ्या बाईसमोर.

आम्ही सलोखाच्या मदत क्रमांकावर फोन केला. एका गोड आवाजानं आम्हाला दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं. आम्ही घेतला. आवाज म्हणाला, आपली तक्रार सोडवल्याबद्दल धन्यवाद.

दरम्यान मंदाताईंची सुनावणी लागली. कायद्याप्रमाणे कर्मचाऱ्यांचा एक प्रतिनिधी लागतो. निवड झाली तेव्हा मी बाथरूममध्ये होतो, त्यामुळे माझी एकमतानं निवड झाली.

"आता काय करायचं?" मी तरन्नुमला विचारलं.

"सोपं आहे. झापून झाल्यावर साहेबाला सोडायचं नाही. वीस मिनिटं."

पहिला प्रयोग मी केला. इंगवलेंनी मला झापलं आणि ते वळले. मी माझी खुर्ची उचलली, त्यांच्यामागोमाग केबिनमध्ये गेलो आणि त्यांच्या अगदी शेजारी ती ठेवून बसलो.

"काय पाहिजे?"

"काही नाही, साहेब."

"मग?"

"बसतो थोडा वेळ. तुमच्याजवळ बरं वाटतं."

इंगवलेंना हे आजवर कुणी म्हटलं नसावं. ते गडबडले. त्यांनी माझ्याकडे पाण्याचा ग्लास सरकवला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. वीस मिनिटांनी त्यांच्या आयुष्यातला पहिला लाल ठिपका पडला. मला थोडं वाईट वाटलं, पण मी खुर्ची घेऊन निघून आलो.

मग सगळ्यांनीच धरलं. झापलेला माणूस खुर्ची काखोटीला मारून साहेबांच्या मागं. साहेब जिन्यात, खुर्ची जिन्यात. साहेब बाथरूममध्ये, दाराला टेकून तिघं. एकदा ते गाडीत बसून निघाले, तर मागच्या सीटवर तरन्नुम.

"मुल्ला, तुम्ही इथं कशा?"

"मलाही सोडा की साहेब वाटेत."

"कुठं?"

"कुठंही. घाई नाही."

इंगवले मूर्ख नव्हते. आठवड्याभरात त्यांनी टेबलाशी यायचं बंद केलं. ते केबिनचं दार लावून फोनवरून झापू लागले. फोनवरचा माणूस दोन हातांच्या पलीकडं असतो. आमची पळापळ पुन्हा सुरू झाली, आता जास्तच, कारण फोन कुठंही गाठायचा.

पण मला खरी काळजी वेगळीच होती. मंदाताईंकडं आता कुणीही जात नव्हतं. तरी त्यांचे ठिपके वाढतच होते. दुपारी आम्ही खाली जेवायला जायचो, परत यायचो, तोवर टीव्हीवर त्यांच्या नावापुढं नवा ठिपका. मी त्यांना विचारलं, "ताई, दुपारी कोण येतं तुमच्याकडं?"

"कोण येणार? भिंत आहे."

ज्या बाईनं आयुष्यात एकही गोष्ट पोटात ठेवली नव्हती, ती भिंतीकडं बघून खोटं बोलत होती, हे मला कळलं. का, ते कळलं नाही.

सुनावणीला पुण्याहून निरीक्षक होनराव मॅडम आल्या. मोजकं बोलणाऱ्या, भराभर पानं उलटणाऱ्या. हॉलमध्ये सगळे उभे, कारण बसायची सवय मोडलेली. पुढं एका खुर्चीत मंदाताई, इस्त्रीची साडी नेसून, परीक्षेला आल्यासारख्या.

मी वीस मिनिटांचा सिद्धान्त मांडला. तरन्नुमनं ग्रंथींची चित्रं काढून दाखवली. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "याला पुरावा?"

"पंप आहे, मॅडम."

"पंपाची साक्ष कायद्यात बसत नाही."

"मग इथंच करून बघा. साहेबांनी मला आत्ता झापावं. पट्टी वीस मिनिटांनी उसळते की नाही, तुम्हीच बघा."

मॅडमनी थोडा विचार करून इंगवलेंना परवानगी दिली. इंगवले पुढं आले. घसा खाकरला. सगळे बघत होते.

"मगदूम," ते म्हणाले, "तुम्ही... तुमचं ते पत्र... तसं बरं होतं. विहीर सदोष असू शकते."

"साहेब, नीट की," मी कळवळून म्हणालो.

"तुमचा शर्ट," ते म्हणाले आणि अडकले. "इस्त्री चांगली आहे."

परवानगी काढून माणसाला झापता येत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या पट्टीवर शांततेची रेघ सरळ चालली होती. मॅडमनी पान उलटलं.

"नोंदींवरून दिसतं," त्या म्हणाल्या, "की चौगुले बाईंमुळे सर्वाधिक त्रास झालेली व्यक्ती एकच आहे. जवळजवळ रोज, दुपारच्या सुट्टीत. जयसिंग इंगवले."

 मागं फेऱ्या मारणारेही थांबले.

"इंगवले, या बाई तुम्हाला काय करतात?"

इंगवले बिल्ला सरळ करायला लागले. मॅडम मंदाताईंकडं वळल्या. "तुम्ही सांगा. हे रोज तुमच्याकडं कशाला यायचे?"

मंदाताईंनी पदर सावरला. "साहेबांना भडंग आवडतं," त्या म्हणाल्या. "बास, एवढंच."

तेवढ्यात भिंतीवरचा टीव्ही लागला आणि त्यात आबासाहेब आले. आबासाहेब म्हणजे कंपनीचे मालक. ते पुण्यातच असतात आणि कारखान्यात येत नाहीत. सुनावणीला ते पडद्यावरून हजर राहणार असं ठरलं होतं, पण त्यांचं घड्याळ त्यांच्या सोयीनं चालतं. समोर कोण कोण आहे हे त्यांना दिसत नसावं, किंवा दिसूनही फरक पडत नसावा.

"जयसिंग! कुठं उलथलास? दुपारचा फोन का नाही उचलला? रोज सांगायचं, रोज तेच. त्या सरकारी टेंडराचं काय झालं? तीन पैशांची अक्कल नाही. तुला खुर्ची दिली तेव्हाच मला लोकांनी सांगितलं होतं, की बैल बांधा त्या जागी, निदान शेणाचा उपयोग होईल. आणि ती लाल बाई अजून गेली नाही? आज संपव ते, नाहीतर तिच्याबरोबर तूही चालू पड."

टीव्ही बंद झाला. आबासाहेब कुणाचं उत्तर ऐकायला थांबत नाहीत. इंगवलेंचा गुरू कोण, तेही त्या क्षणी समजलं.

रोज दुपारी. आम्ही जेवायला गेल्यावर फोन यायचा, आणि फोन ठेवून इंगवले उठायचे आणि जायचे तिथं, जिथं आम्ही सगळे जायचो. मंदाताईंना हे पहिल्यापासून माहीत होतं आणि त्यांनी ते आपली नोकरी जायची वेळ आली तरी कुणाला सांगितलं नव्हतं.

इंगवले उभे होते. चेहरा विटका पडलेला. पाय आपोआप वळले. मंदाताईंच्या शेजारी एक रिकामी खुर्ची होती, ते तिकडं निघाले. टीव्हीतला आवाज त्यांना आत्ता लागला होता. वीस मिनिटांनी तो त्यांच्या घामात उतरणार होता. तेव्हा ते ज्याच्याजवळ बसलेले असतील, त्याच्या नावावर ठिपका. मंदाताईंना अजून एक ठिपका पडला असता, तर बोलायचं काही उरलंच नसतं.

मी आडवा गेलो.

"साहेब, तिथं नको. टीव्हीजवळ बसा. वारा चांगला येतो तिकडं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं; पंपासारखी चिप टीव्हीलाही होती. टीव्हीजवळ बसले, तर रोज दुपारी त्यांना काय ऐकावं लागतं ते सरकारी कागदावर उतरणार होतं, आणि मालक ते विसरणार नव्हते. दार उघडं होतं, आणि निघून जायची कला त्यांच्याइतकी कुणाला येत नव्हती. ते दारापर्यंत गेले. चौकटीला हात लावला. 

मग इंगवले परत फिरले, खुर्ची ओढली आणि टीव्हीखाली एकटे जाऊन बसले.

"आता पुढचं," मॅडम म्हणाल्या. "निर्णय देते."

"मॅडम, मला थोडं बोलायचंय," मी म्हणालो.

"किती?"

"थोडंच."

मी बोललो. कंपनीच्या स्थापनेपासून सुरुवात केली. पंपाची पाती का झिजतात ते सांगितलं. कागलच्या एका माणसानं पंप उलटा सोडला होता आणि पाणी वरून खाली गेलं म्हणून तक्रार केली होती, ती तक्रार मी दोन्ही बाजूंच्या आवाजांत म्हणून दाखवली. मॅडमनी तीनदा पेन उचललं. तिसऱ्यांदा तरन्नुम चक्कर येऊन पडली. ती अभिनयात वाईट आहे, आधी पदर नीट करून मग पडली. पाणी आणलं, वारा घातला. इंगवले जागचे हलले नाहीत. हात मांडीवर, नजर समोर. आम्ही कुणी त्यांच्या आसपास फिरकलो नाही.

आणि मग मॅडमचा फोन वाजला. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

"इंगवले यांना तीव्र ताण. स्रोत: टीव्ही." त्यांनी वर बघितलं. "पण टीव्ही तर बंद आहे."

"हो मॅडम," मी म्हणालो. "वीस मिनिटांपूर्वी चालू होता."

 मॅडमनी बंद काळ्या पडद्याकडं बघितलं. मग त्यांनी निर्णय दिला. यंत्र माणसाला उशिरा ऐकतं, हे सिद्ध झालं. आजवरचे सगळ्यांचे सगळे ठिपके रद्द. चौगुले निर्दोष. यंत्रातली दुरुस्ती सरकार करेल, त्यासाठी निविदा निघेल, साधारण दोन वर्षं. तोवर यंत्र आहे तसंच चालेल. राहता राहिला मालकांचा प्रश्न. जो माणूस कामाच्या जागी हजर नाही आणि ज्याच्या हाताला पट्टी नाही, त्याला कायदा हात लावू शकत नाही. सबब, सिद्ध स्रोत म्हणून टीव्ही कारखान्याबाहेर काढावा, फोनवरून झापायला यापुढे सक्त मनाई, आणि मालकांना काही बोलायचं असेल तर त्यांनी समक्ष यावं, पट्टी लावून.

दोघांनी टीव्ही उचलून फाटकाबाहेर नेला. पाच वर्षं त्याला राज्यातलं कुठलंही ऑफिस उभं करणार नव्हतं.

मंदाताई खुर्चीतच बसून होत्या. मी जवळ गेलो, अगदी जवळ.

"म्हणजे मी त्रास देत नव्हते," त्या म्हणाल्या.

"नाही, ताई."

"सूनबाई स्वभावानंच शांत आहे."

"असणार."

"मग आता तिला बोलतं करते," असं म्हणून त्या डोळे पुसायला लागल्या, आणि पुसता पुसता शेजारच्या बाईला इंगवलेंबद्दल सगळं सांगायलाही लागल्या.

आबासाहेब आठवडा संपायच्या आत आले. टीव्ही काढल्याचं कळल्यावर पुण्यात बसवलंच नाही त्यांना. फाटकावर पट्टी लावून घेताना त्यांनी रखवालदाराच्या सात पिढ्या काढल्या. मग तरातरा वर आले. आम्ही हॉलमध्ये इकडून तिकडं फिरत होतो. इंगवले मधोमध उभे होते.

"जयसिंग! तुझ्या देखत माझा टीव्ही बाहेर गेला? मीठ खातोस माझं आणि..."

पुढचं सगळं आम्ही ऐकलं. समक्ष ते पडद्यापेक्षा जास्त बोलतात. इंगवले मान खाली घालून ऐकत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आज ते एक शब्द न बोलता ऐकून घेणार, आबासाहेब निघून जाणार, आणि नंतर वीस मिनिटांनी इंगवले ज्याच्याजवळ असतील त्याच्या नावावर ते सगळं जाणार, असं मला वाटलं. मी मंदाताईंकडं बघितलं. त्यांनी इंगवलेंकडं बघायचं टाळलं.

आबासाहेबांचं बोलून झालं. ते टाचेवर वळले.

"आबासाहेब," इंगवले म्हणाले.

"काय आहे?"

"इतक्या लांबून आलाय, असे कसे जाता? चहा सांगितलाय."

आबासाहेब अडखळले. माणूस कितीही मोठा असो, कितीही तापलेला असो, आमच्याकडं चहा सांगितल्यावर कुणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. टाकलं तर पुढची दहा वर्षं लग्नाकार्यात लोक ते बोलून दाखवतात. आबासाहेबांनी घड्याळ बघितलं, दार बघितलं, आम्हाला बघितलं आणि बसले.

इंगवलेंनी आपली खुर्ची आणली. आबासाहेबांच्या खुर्चीला खेटून ठेवली आणि तीत बसले, गुडघ्याला गुडघा लावून.

हॉलमधली चालणारी माणसं एकेक करून थांबली.  मंदाताई दोन हात मागं सरकल्या. मग तरन्नुम. मग मी. मग आम्ही सगळेच भिंतींना लागलो, आणि मध्ये दोनच खुर्च्या राहिल्या.

"किती वेळ लागेल चहाला?" आबासाहेबांनी विचारलं.

"येईलच," इंगवले म्हणाले.

चहा कुणीच सांगितला नव्हता.